गाणी उलटी भरावी लागतात

सुरतेत मी गाणी भरायचो. लोक टाकीत पाणी भरतात, टायरमध्ये हवा भरतात, तशी मी मशीनमध्ये गाणी भरायचो आणि त्यावर माझं घर चाललं. हे सांगितलं की हल्लीची माणसं माझ्याकडे अशी बघतात, जशी काय मी हत्तीला आंघोळ घालायची नोकरी केली. म्हणून आधी धंदा समजावून सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनीही वाचावं, कारण त्यांना वाटतं तेवढं माहीत नसतं.

माझं शिक्षण विचाराल तर तिसरीपर्यंत रीतसर झालं. चौथीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. मग खानदेश सोडून सुरतेत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आलो, तिथे शेठचं आणि माझं पटलं नाही. शेवटी लिंबायतच्या नाक्यावर पायऱ्यांखाली एक फळी टाकून बसलो, तिथे पटवून घ्यायला दुसरं कोणी नव्हतंच. आधी कॅसेटी विकल्या, मग सीडी, मग एक जुना कम्प्युटर घेतला. इंग्रजी मला येत नाही. पण बटणं ओळखायला इंग्रजी कशाला लागतं? ज्या बटणावर दोन बाण गोल गोल एकमेकांच्या शेपटीमागे धावतात, ते सिंकचं. ते दाबायचं. बाकीची कशाची आहेत हे मी कधी विचारलं नाही आणि माझं काही अडलं नाही.

गिऱ्हाईक यायचं ते काड्यापेटीएवढा प्लेअर घेऊन. तो वायरीने कम्प्युटरला जोडायचा. कम्प्युटरमध्ये आपण गाण्यांची यादी करून ठेवलेली असते: ही लग्नाची, ही कामावरची, ही बायको माहेरी गेल्यावरची. बाण दाबले की ती यादी जशीच्या तशी प्लेअरमध्ये उतरते. गाण्यांची नावं मी माझ्या हाताने देवनागरीत घालायचो, आणि माझ्या पद्धतीने. ‘बाई रडते ते’. ‘ढोल आधी, माणूस नंतर’. ‘नवरी उठते ते’. लोक गाण्याच्या नावाने गाणं मागतच नाहीत, असंच मागतात. मग खरं नाव कुठलं, तुम्हीच सांगा.

आता यातली मेख ऐका. बाण दोन दिसतात, पण धावतो एकच. सुरतेच्या माणसाला हे समजवायला मी जेकार्डचा दाखला द्यायचो. लूमच्या डोक्यावर भोकं पाडलेलं कार्ड फिरत असतं. कार्डात जसं भोक, तसं साडीवर फूल. पण तुम्ही घरी बसून साडीवर सुईने फूल काढलंत, म्हणून कार्डात भोक पडेल का? नाही पडणार. कम्प्युटर म्हणजे कार्ड, प्लेअर म्हणजे साडी. आणि ती साडी नेऊन दुसऱ्याच कार्डाखाली घातली, तर आधीचं फूल जातं आणि त्या दुसऱ्या कार्डाचं येतं. प्लेअर परक्या कम्प्युटरला जोडला की तो कम्प्युटर विचारतो, “जुनं पुसू आणि माझं भरू का?” इंग्रजीत विचारतो. आणि आपली माणसं इंग्रजीत काही विचारलं की हो म्हणतात.

पर्वत पाटियाजवळच्या साडीच्या मार्केटातले एक शेठ असेच फसले. त्यांना दुकानात लावायला गाणी हवी होती. मंद गाणी लावली तर बायका बसायच्या, पण घ्यायच्या नाहीत. जलद लावली तर उठूनच जायच्या. मग मी एक मंद, एक जलद अशी आळीपाळीने भरून दिली, धंदा बरा चालू झाला. एके दिवशी शेठचा फोन आला, “आप्पा, आमां तमे शुं भर्युं छे?” काय भरलंय म्हणून बघायला मी दुकानात गेलो. गादीवर साड्यांचा ढीग, समोर बायकांची रांग, आणि वर भोंग्यातून एक बाई शांतपणे सांगतेय, “आँखें बंद कीजिए. साँस अंदर. अब धीरे धीरे छोडिए.”

शेठनी प्लेअर घरच्या कम्प्युटरला चार्ज करायला लावला होता. घरच्या कम्प्युटरमध्ये शेठाणीच्या योगाच्या क्लासचं भरलेलं. विचारल्यावर शेठनी हो म्हटलं होतं.

मी म्हटलं, “शेठ, द्या इकडे, नीट करून आणतो.”

शेठ गादीकडे बघत हळूच म्हणाले, “रहेवा दो. घराक बेसे छे.”

राहू द्या म्हणे, गिऱ्हाईक बसतंय. खरंच बसल्या होत्या बायका. डोळे मिटून बसल्या होत्या, आणि डोळे उघडले की समोर जी साडी असेल ती घेत होत्या. माझी आळीपाळीची यादी त्या दुकानात पुन्हा कधी वाजली नाही. धंद्यात असा अपमान सहन करावा लागतो.

दुसरा आमच्या खोलीशेजारचा दगाभाऊ. हा लूमवर कामाला. लूमचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. तिथे माणसं बोलत नाहीत, हातवारे करतात. दगाभाऊ कानात वायरी खुपसून काम करायचा आणि त्याला गाण्यातलं ढिम्म ऐकू यायचं नाही. धागा तुटून लूम थांबला की तेवढ्यात गाणं कानावर पडायचं. पण लूम थांबला की शेठ ओरडायचा. म्हणून त्याने उभ्या जन्मात एकही गाणं पूर्ण ऐकलेलं नव्हतं.

तो मला म्हणायचा, “आप्पा, मला मधूनच सुरू होणारी गाणी दे.”

“असली गाणी नसतात, भाऊ.”

“मग माझ्या प्लेअरात दुसरं काय आहे? सगळी मधूनच सुरू होतात नि मधेच मरतात.”

मी त्याला लूम बदलायला सांगितलं, गाण्यांत दोष नव्हता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्यासाठी माझी उलटं भरायची पद्धत सांगावी लागेल. माझ्या कम्प्युटरवर नवीन घातलेलं गाणं यादीत सगळ्यांत वर बसायचं. साड्यांची थप्पी लावताना जी शेवटी ठेवतो ती वर येते, तसं. म्हणून जे गाणं पहिलं वाजायला हवं, ते मी सगळ्यांत शेवटी घालायचो. शेवटचं आधी, पहिलं शेवटी. ही माझी स्वतःची पद्धत. नवीन प्लेअर आला की एकदा त्याच्यावर खूण करून ठेवायची, की बाबा, वरून वाचायचं, खालून नाही. मग तो मरेपर्यंत वरून वाचतो. वर्षानुवर्षं मी असंच केलं, कधी कोणाची तक्रार आली नाही.

आणि कानबाईच्या गाण्यांना तर क्रमच सगळं. जे खानदेशातले नाहीत त्यांना सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही कानबाई बसवतो. नारळाला डोळे, नथ, साडी लेववून चौरंगावर मांडायचं, रोटाचा, म्हणजे गव्हाच्या पोळ्यांचा, नैवेद्य, रात्रभर गाणी आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर पोचवायचं. बोलावण्याचं गाणं वेगळं, बसवण्याचं वेगळं, रोटाचं वेगळं, आणि निरोपाचं वेगळं. निरोपाचं गाणं म्हटलं की देवी उठते. मग तिला थांबवता येत नाही.

आमच्या भागात ही गाणी सांगायची ती शेवंताजिजीने. सांगायची म्हणजे ओळ जिजी उचलणार, बाकीच्या बायका मागून नुसती साथ देणार. आवाज असा होता की दोन गल्ल्या सोडून लोक ताट घेऊन निघायचे. मग गळ्यात गाठ झाली. ती काढली, जिजी वाचली, पण आवाज गेला. फुंकर घालावी एवढाच राहिला. नशीब असं, की गाठ व्हायच्या आधी मी एका दुपारी तिला माझ्या फळीवर बसवून सगळी गाणी तिच्याच आवाजात भरून घेतली होती. तेव्हापासून दर श्रावणात जिजीचा मुलगा भटू प्लेअर घेऊन यायचा, मी बाण दाबायचो, आणि जिजीचा आवाज भोंग्यातून ओळ उचलायचा. जिजी शेजारी बसून टाळी धरायची.

त्या वर्षाची गोष्ट वेगळी होती. जिजी सुरतेत आयुष्यभर भाड्याच्या खोलीत राहिली. भाड्याच्या खोलीत कानबाई बसवायची तर घरमालक रात्री गाणी म्हणू देईना. म्हणून हिने दरवर्षी दुसऱ्यांच्या घरी जाऊन दुसऱ्यांची कानबाई बसवली. तिने बोलून ठेवलं होतं: स्वतःचं छप्पर झालं की माय, तुला माझ्या घरात बसवीन. त्या वर्षी भटूने पर्वत पाटियाच्या पुढे एका सोसायटीत खोली घेतली. स्वतःची. दारावर जिजीचं नाव घातलं. जिजी रोज सकाळी दाराबाहेर जाऊन ते नाव पुसून यायची. पुसण्यासारखं त्यावर काही नसायचं.

तर रविवारी सकाळी भटू माझ्याकडे धावत आला. तोंड उतरलेलं.

“आप्पा, प्लेअर रिकामा झाला.”

“कसा झाला?”

“मला काय ठाऊक? नवीन कम्प्युटर घेतला ना, त्याला चार्जिंगला लावला होता.”

“त्याने काही विचारलं?”

“विचारलं असेल.”

“तू काय म्हणालास?”

भटू रस्त्याकडे बघायला लागला. भटू डायमंडच्या कारखान्यात काम करतो, डोळ्याला भिंग लावून राईएवढ्या हिऱ्यातला डाग शोधतो. समोर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून आलं ते त्याला दिसलं नाही.

घाबरण्यासारखं काही नव्हतं, कार्ड माझ्याकडे शाबूत होतं. मी माझ्या पद्धतीप्रमाणे निरोपाचं गाणं आधी घातलं, मग रोटाचं, मग बसवण्याचं, आणि सगळ्यांत शेवटी बोलावण्याचं. बाण दाबले. प्रत्येक गाणं थोडं थोडं वाजवून बघितलं. सगळी खणखणीत होती. आणि घाईत आम्ही दोघे त्याच्या मोटारसायकलवर बसून निघालो.

आता यात चूक कोणाची हे मी आजही सांगतो: भटूची. त्याच्या कम्प्युटरने गाणी पुसली तेव्हा माझी वरून वाचायची खूणही पुसली. परक्या माणसाने खूण पुसायची आणि बोल मला लावायचा, हे मला मान्य नाही.

जिजीचं घर दारापर्यंत भरलं होतं. चौरंग सजलेला, बायका दाटीने बसलेल्या. त्यांच्यात इंदूबाई. इंदूबाई म्हणजे आमच्यातली रीत सांगणारी बाई. कुंकू कोणत्या बोटाने, दिवा कोणत्या तोंडाने, सगळं तिला विचारायचं आणि नाही विचारलं तरी ती सांगायची. जिजी नवं लुगडं नेसून, नथ घातलेला नारळ दोन्ही हातांत धरून चौरंगासमोर उभी होती. खाली ठेवायला एक वीत अंतर उरलं होतं.

भटू म्हणाला, “लावा, आप्पा.”

मी बटण दाबलं. भोंग्यातून जिजीचा आवाज असा उठला की वरच्या मजल्यावरची माणसं खिडकीत आली. जा माय, सुखाने जा, वाटेला सांभाळून जा...

साथ द्यायला इंदूबाईने तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मग ती किंचाळली, “ओ माय! हाई ते निरोपनं गाणं शे! बसाना आधीच धाडी दिनी रे तू तिले!”

मी बटण बंद केलं. पण गाणं निघून गेलं होतं, बसायच्या आधीच देवी धाडली गेली होती. खोलीत एवढी शांतता झाली की शेजारच्या घरातला कुकर शिट्टी द्यायला लाजला असता. जिजी नारळ हातात धरून तशीच उभी. खाली ठेवावा तर देवी गेलेली. न ठेवावा तर घर कोरडं राहणार, बोललेलं फुकट जाणार.

बायकांची कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, पुढच्या वर्षी बसवा. कोणी म्हणालं, नव्या घरातून देवी उठून गेली, हे काही बरं नाही. जिजीच्या सुनेने डोळ्याला पदर लावला.

भटू डोक्याने हुशार. तो पुढे झाला. “अहो मावशी, मशीनचं काय धरता? टीव्हीत लग्न लागलं तर आपण अक्षता टाकतो का? मशीनने म्हटलं म्हणजे कोणी म्हटलंच नाही. देवी इथेच आहे. जिजी, ठेव नारळ.”

इंदूबाई विचारात पडली. हा मुद्दा तिच्या रीतीत कुठे बसत नव्हता. ती माझ्याकडे वळली, “आप्पा, मशीन तुमचं. तुम्ही सांगा. मशीनने म्हटलेलं म्हटलं धरायचं का?”

भटू तिच्या पाठीमागून मला डोळ्यांनी खुणावत होता. नाही म्हणा, नाही म्हणा. मला कळत होतं. नाही म्हटलं असतं तर तिथेच मिटत होतं. पण मी उभं आयुष्य फळीवर बसून गिऱ्हाइकांना काय सांगत आलो? भाऊ, डबा गात नाही, गाणारा माणूसच गातो, मी फक्त त्याला तुमच्या खिशात बसवून देतो. आणि आता अंगाशी आलं म्हणून म्हणू, की तो नुसता डब्याचा खडखडाट होता?

मी म्हणालो, “म्हटलं म्हणजे म्हटलं.”

भटूने कपाळावर हात मारला. “आप्पा!”

“आप्पा काय? दरवर्षी याच मशीनच्या गाण्यावर देवी येते ना? बोलावलेलं धरता, मग धाडलेलं का नाही धरत?”

“मग आता गेली का ती?” इंदूबाईने विचारलं.

“गेली,” मी म्हणालो. शब्द मागे घेतला नाही.

तेव्हा जिजी बोलली. तिच्या फुंकरीएवढ्या आवाजासाठी सगळ्या बायका पुढे वाकल्या. ती म्हणाली, “आप्पा खरं बोलस. तो मनाच आवाज शे. मीच धाडी तिले.” आणि मग भटूकडे बघून, “मना आवाज खोटा शे का रे?” माझा आवाज खोटा आहे का.

भटू चौरंगापासून मागे सरकला.

“मीच धाडी,” जिजी पुन्हा म्हणाली, “ते मीच लई येसू.” आणि देवीला परत घेऊन यायला नारळ ताटात ठेवून, ताट उचलून, चपला घालायला लागली.

इंदूबाई म्हणाली, “पण कोठे गयी व्हई ती?”

आता याच्यावर वाद. एक बाई म्हणाली नदीवर, देवी नेहमी नदीवरच जाते. इंदूबाई म्हणाली, नदीवर आपण पोचवतो तेव्हा जाते. एकटी निघाली तर सरळ माहेरी जाईल, खानदेशात. म्हणजे चलथाण, बारडोली करत नवापूरच्या रस्त्याने.

“मग ती आता पाटियावर असेल,” मी म्हणालो. “बारडोलीकडची गाडी तिथूनच मिळते.”

“मिळाली असेल तर?”

“रविवारी?” मी म्हणालो. “रविवारी कधी लवकर गाडी मिळालीय का कोणाला?”

हे सगळ्यांना पटलं. अनुभवाची गोष्ट होती.

निघालो. पुढे जिजी ताट घेऊन, तिच्यावर सुनेने पदराची सावली धरलेली, मागे बायका, त्यांच्या मागे मी आणि सगळ्यांत मागे भटू, आपण यांच्यातले नाही अशा अंतराने. पर्वत पाटियावर नेहमीप्रमाणे गर्दी. साड्यांचे गठ्ठे लादलेले टेम्पो, रिक्षा, बस, आणि कडेला शेअर रिक्षावाले ओरडतायत, “कडोदरा, चलथाण, बारडोली! कडोदरा, चलथाण!”

त्यांच्यातला एक आमच्याकडे धावला. एवढ्या बायका म्हणजे त्याला अख्खी गाडी भरलेली दिसली. “आवो माजी, बेसो! केटला जण?”

इंदूबाई म्हणाली, “आम्ही जायला नाही आलो. आणायला आलोय.”

“कोने?”

इंदूबाईने ताटाकडे बोट दाखवलं. त्याने नथ घातलेल्या नारळाकडे बघितलं, मग आमच्या तोंडांकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, “रिसाई गया छे?”

“रुसली नाही,” मी म्हणालो. “चुकून पाठवली गेली.”

त्याला काय कळलं देव जाणे, पण तो मागे गेला आणि दुसऱ्या रिक्षावाल्यांना म्हणाला, जरा ओरडणं थांबवा, यांच्या घरचं कोणी हरवलंय.

आता बोलावण्याचं गाणं म्हणायचं. जिजीने ओळ उचलली. ओठ हलले, पण पाटियाच्या आवाजात तिचा आवाज तिच्या स्वतःच्या कानापर्यंत पोचला नसेल. तिने पुन्हा जोर केला. खोकला आला. सुनेने पाठीवर हात फिरवला. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. साथ सगळ्यांना येत होती, ओळ कोणालाच येत नव्हती. ओळ कायम जिजीची.

भटू म्हणाला, “प्लेअर आणू का?”

इंदूबाई कडाडली, “ज्याने हाकललं त्यालाच बोलवायला पाठवतोस?”

जिजी माझ्याकडे बघत होती. आणि मला कळलं की ती ओळ मला येते. सगळ्याच ओळी येतात. गाणं भरताना, तपासताना, नाव घालताना, दर श्रावणात, मी ती इतक्या वेळा ऐकली होती की दुसरं काही डोक्यात राहायला जागाच नव्हती. पण बायकांची गाणी, भर चौकात, माझ्यासारख्या माणसाने? मी आयुष्यात भरायचं काम केलं, गायचं नाही. माझ्या घरी मी गुणगुणलो तर बायको गॅस बंद करून विचारायची, कुठे दुखतंय.

मी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

आवाजाबद्दल मी काही सांगत नाही. एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तो थांबला, एवढं सांगतो. पहिली ओळ देवीला हाक मारायची, ती झाली. बायकांनी साथ दिली. दुसरी पाट मांडल्याची, तीही झाली. तिसरीच्या मध्यावर मी म्हणालो, “वांगी कशी दिली रे? भाव काय?” आणि सगळ्या बायकांनी सुरात साथ दिली, “भाव काय गं माय, भाव काय!”

झालं असं होतं, की त्या दुपारी माझ्या फळीवर जिजी हे गाणं सांगत असताना समोरून भाजीवाला गेला. जिजीने गाणं न थांबवता त्याला भाव विचारला होता. ते मी तसंच ठेवलं, कारण तो तुकडा कापायचा तर जिजीचा श्वासही कापला जात होता. माझ्या डोक्यात गाणं बसलं ते वांग्यासकट. आणि दर श्रावणात ऐकून ऐकून बायकांच्याही डोक्यात तसंच बसलं होतं. इंदूबाईसुद्धा गंभीर तोंडाने भाव विचारत होती. रिक्षावाल्यांना वाटलं असेल मराठ्यांच्या देवीला वांगी लागतात.

गाणं संपलं. आम्ही उभे. पुढे काय? आली की नाही हे कळायचं कसं?

जिजीने ताट सुनेकडे दिलं आणि नारळ दोन्ही हातांनी उचलला. हातावर तोलला. क्षणभर तसाच धरला. मग तिचं तोंड उजळलं.

“जड व्हयनी,” ती म्हणाली. जड झाली.

इंदूबाईने नारळ हातात घेऊन बघितला. “हां. जड शे.” मग एकेकीने घेऊन बघितला. सगळ्यांना जड लागला. भटूने घेतला, त्यालाही मान हलवावी लागली. मग माझ्याकडे आला. खरं सांगू, मला नारळाएवढाच लागला. पण मी वजनाच्या धंद्यात कधी नव्हतो.

परत जाताना त्याच रिक्षावाल्याने सगळ्यांना बसवलं. चार बायकांच्या जागेत सहा कोंबल्या, आणि तरी इंदूबाईने मधे एक हात मोकळी जागा सोडायला लावली. रिक्षावाल्याने विचारलं नाही ती कोणासाठी.

घरी आल्यावर जिजीने नारळ चौरंगावर मांडला. नथ सारखी केली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. आता बसवण्याचं गाणं. मला वाटलं मलाच म्हणायला सांगतील, मी घसा खाकरून तयार. पण जिजीने मान हलवली आणि भोंग्याकडे बोट केलं.

इंदूबाई म्हणाली, “पुन्हा मशीन? जिजी, अगं आताच...”

जिजीने भोंग्याकडचं बोट काढलं नाही. तिच्या घरात पहिली देवी बसणार होती. ती तिलाच बसवायची होती, तिच्या पूर्ण आवाजात.

मी खाली मांडी घातली. यादीवर विश्वास ठेवला नाही. अंगठ्याने एकेक गाणं खाली सरकवत, मीच घातलेली नावं तोंडाने वाचत, ‘बसवायचं’ या नावावर थांबलो. मी वर बघितलं तर इंदूबाई, जिजीची सून आणि आणखी दोघी चौरंगाला खेटून बसल्या होत्या, आणि चौघींनी मिळून नारळ वरून घट्ट दाबून धरला होता.

मी बटण दाबलं.

जिजीचा आवाज उठला. बस माय, पाटावर बस, घर तुझंच. शब्द न शब्द बरोबर. बायकांनी साथ धरली, भटूने झांज उचलली, जिजी आपल्याच आवाजाबरोबर ओठ हलवत टाळी देऊ लागली. दोघींनी नारळावरचे हात काढले, सुनेनेही काढला.

इंदूबाईने मात्र सोमवारी सकाळपर्यंत काढला नाही.